सूव्लाकी (अल्बम)

'सूव्लाकी' हा स्लोडाइव्ह या इंग्लिश बँडचा दुसरा स्टुडिओ अल्बम होय. क्रिएशन रेकॉर्ड्स या स्वतंत्र ब्रिटिश कंपनीने तो १९९३ साली प्रकाशित केला. दहा गाण्यांचा हा अल्बम आज शूगेझ आणि ड्रीम पॉप या एकमेकींत मिसळलेल्या शैलींतील प्रमुख कृतींपैकी एक मानला जातो. प्रकाशनाच्या वेळी मात्र ब्रिटनमधील संगीत साप्ताहिकांनी त्याची टर उडवली किंवा त्याचे थंडपणे स्वागत केले. ब्रिटिश अल्बमसूचीत तो ५१व्या क्रमांकाच्या वर चढू शकला नाही. पुढील दोन दशकांत हे मत जवळजवळ उलटे झाले. ज्या गुणांना १९९३ मध्ये दोष म्हटले गेले, नेमक्या त्याच गुणांसाठी नंतर त्याची वाखाणणी झाली. त्यामुळे त्याच्या स्वीकाराचा इतिहास हा त्या काळच्या संगीतसमीक्षेचाही इतिहास ठरतो.

पार्श्वभूमी

स्लोडाइव्हची स्थापना १९८९ साली बर्कशरमधील रेडिंग या गावी झाली. नील हॉल्स्टेड आणि रेचल गॉसवेल हे बालपणापासूनचे मित्र त्यातील मुख्य गायक व गिटारवादक होते. क्रिस्चन सॅव्हिल (गिटार), निक चॅप्लिन (बेस) आणि सायमन स्कॉट (ड्रम) यांच्यासह बँडची सर्वपरिचित रचना पूर्ण झाली. विशी ओलांडतानाच या मुलांना क्रिएशनचा करार मिळाला. १९९० आणि १९९१ मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या लघुध्वनिमुद्रिकांचे साप्ताहिकांनी मनापासून कौतुक केले होते. नंतरची टीका वाचताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण टीका करणारी आणि कौतुक करणारी साप्ताहिके वेगळी नव्हती.

या बँडचा आवाज घडला तो मुख्यतः इफेक्ट पेडलांतून. गिटारचा स्वर पायाने दाबायच्या या छोट्या यंत्रांतून जाताना लांबतो, घुमतो, पसरतो, आणि दोन-तीन गिटारांचे असे स्वर एकत्र आले की कोणता स्वर कोणत्या गिटारचा हे सांगता येत नाही. गाणाऱ्यांचे आवाजही त्या धुक्यात मागे ठेवलेले असतात, त्यामुळे शब्द अर्धेच कळतात. मंचावर वादकांची नजर सतत पायांजवळच्या पेडलांकडे असे. त्यावरून 'बुटांकडे टक लावणारे' अशा अर्थाचे 'शूगेझ' हे नाव पडले. ते मुळात चेष्टेचे होते. मेलडी मेकर या साप्ताहिकाने याच मंडळींना 'स्वतःचाच उत्सव साजरा करणारी मंडळी' असेही म्हटले होते, कारण हे बँड एकमेकांच्या कार्यक्रमांना श्रोते म्हणून हजर राहत. त्यांपैकी अनेक जण ऑक्सफर्ड आणि रेडिंग या टेम्स खोऱ्यातील शहरांतून आलेले होते. ही सुखवस्तू घरांतली मुले असून त्यांना जगाशी काही देणेघेणे नाही, हा आरोप त्यातूनच रूढ झाला.

१९९१ साली निघालेला पहिला अल्बम 'जस्ट फॉर अ डे' सूचीत ३२व्या क्रमांकापर्यंत पोचला, परंतु तोवर वारे फिरू लागले होते. मॅनिक स्ट्रीट प्रीचर्सच्या रिची एडवर्ड्सने तर स्लोडाइव्हचा आपल्याला हिटलरपेक्षा अधिक तिटकारा असल्याचे जाहीरपणे म्हटले. हे वाक्य अर्थातच लक्ष वेधून घेण्यासाठी होते. तरीही ते पुढे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिले.

निर्मिती

दुसऱ्या अल्बमसाठी बँडने सुमारे चाळीस गाणी तयार केली. क्रिएशनचे प्रमुख ॲलन मॅगी यांनी ती नापसंत केली आणि बँडला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागली. कंपनीची आर्थिक ओढाताण तेव्हा सर्वश्रुत होती व १९९२ मध्ये तिचा मोठा हिस्सा सोनीने विकत घेतला होता.

याच सुमारास हॉल्स्टेड आणि गॉसवेल यांचे प्रेमसंबंध संपुष्टात आले. हॉल्स्टेड काही काळ वेल्समधील एका कुटीत एकटाच राहिला आणि तेथून परतताना अधिक साध्या, अधिक उघड्या गाण्यांचा जुडगा घेऊन आला. वियोगाची ही गाणी पुढे ज्या दोघांचा वियोग झाला होता त्या दोघांनीच एकत्र गायली. अल्बममध्ये या गोष्टीचा कोठेही गाजावाजा नाही, पण '४० डेज' किंवा 'मशीन गन' ऐकताना ती ठाऊक असल्यास ऐकण्यात फरक पडतो.

ब्रायन ईनो यांनी अल्बमची निर्मिती करावी अशी विनंती बँडने पत्राने केली. निर्मितीऐवजी सहकार्य करायला आवडेल, असे त्यांनी कळवले. त्यातून 'सिंग' या गाण्याचे सहलेखन झाले आणि 'हिअर शी कम्स'मध्येही त्यांचे वादन आले. 'सूव्लाकी स्पेस स्टेशन'मध्ये जमैकातील डब संगीताचा, म्हणजे खोल बेस व प्रतिध्वनींच्या खेळाचा, प्रभाव स्पष्ट आहे. शेवटचे 'डॅगर' हे गाणे ध्वनिक गिटार आणि आवाज एवढ्यावरच उभे आहे.

सूव्लाकी हा सळईवर भाजलेल्या मांसाचा ग्रीक पदार्थ. अल्बमला हे नाव मात्र द जर्की बॉइज या अमेरिकन विनोदी जोडगोळीच्या दूरध्वनीवरील एका थट्टेतून मिळाले. इतक्या उदास अल्बमला इतके पोरकट नाव का दिले, असा प्रश्न पडू शकतो. स्वतःच्या गांभीर्याची टिंगल इतरांच्या आधी आपणच करण्याचा तो प्रयत्न असावा, असे वाटून जाते.

१९९३ मधील परीक्षणे

अल्बम बाजारात आला तेव्हा ब्रिटिश संगीतपत्रकारितेचा रोख बदललेला होता. अमेरिकेतून निर्वाणासारख्या बँडचे खरखरीत, आक्रमक संगीत येऊन दीड-दोन वर्षे झाली होती. त्याला उत्तर म्हणून स्वेडचा पहिला अल्बम त्याच वर्षी मार्चमध्ये निघाला, आणि एप्रिलच्या सिलेक्ट मासिकाने ब्रिटिश ध्वजासमोर स्वेडचा गायक ब्रेट अँडरसन याला मुखपृष्ठावर उभे करून अमेरिकनांना घरी जाण्यास बजावले. पुढे ज्याला ब्रिटपॉप म्हटले गेले त्याची ही नांदी होती. नव्या नायकाने बोलके असावे, मुलाखतीत दोन टोकदार वाक्ये फेकावीत, कोठून आलो ते ठणकावून सांगावे, अशी अपेक्षा निर्माण झाली. खाली मान घालून वाजवणारे, शब्द पुसट ठेवणारे संगीतकार या चौकटीत बसणे शक्य नव्हते.

सर्वांत कडवे परीक्षण मेलडी मेकरमध्ये डेव्ह सिम्प्सन यांनी लिहिले. हा अल्बम पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या न्हाणीच्या टबात गुदमरून मरणे पत्करेन, अशा आशयाचे त्यातील विधान इतके गाजले की आज ते अल्बमच्या चरित्राचाच भाग झाले आहे. न्यू म्युझिकल एक्सप्रेसमध्ये जॉन मल्व्ही यांनी अधिक तोलून लिहिले. बँडच्या ध्वनिरचनेला त्यांनी दाद दिली, पण ही शैली जुनी झाली असून ती समाधान देत नाही असा त्यांचा सूर होता.

या टीकेचे वजन समजण्यासाठी तेव्हाची व्यवस्था लक्षात घ्यावी लागते. इंटरनेटपूर्व काळात मुख्य प्रवाहाबाहेरचे नवे संगीत विकत घेण्याआधी ऐकायला मिळणे कठीण होते. नभोवाणीवरील मोजके कार्यक्रम सोडले तर वाचकाला साप्ताहिकांच्या शब्दावरच विसंबावे लागे. दर आठवड्याला नवे मुखपृष्ठ हवे असल्याने या साप्ताहिकांना सतत नवे बँड उभे करावे लागत, आणि उभे केलेले खाली खेचणेही ओघाने येई. स्लोडाइव्ह या चक्रात फार लवकर चढले होते. परीक्षणांत संगीताविषयीची वाक्ये अनेकदा थोडी असत. बँडचा सामाजिक थर, स्वभाव आणि फॅशन यांवरच अधिक शाई खर्च होई.

स्वप्नाळू संगीताचीच तेव्हा कोणाला ॲलर्जी होती, असे मात्र म्हणता येत नाही. मॅझी स्टार या कॅलिफोर्नियाच्या बँडचे 'फेड इन्टू यू' हे तितकेच मंद आणि धूसर गाणे १९९४ मध्ये बिलबोर्डच्या मुख्य सूचीत ४४व्या क्रमांकापर्यंत गेले. 'सूव्लाकी'ची अमेरिकन आवृत्ती एसबीके या कंपनीने १९९४ च्या आरंभी, म्हणजे कित्येक महिन्यांच्या विलंबाने काढली. तोवर ब्रिटनमधून मिळालेली थोडीफार प्रसिद्धीही विरून गेली होती.

भावना पोकळ आहेत आणि बँड ध्वनीच्या पडद्याआड लपतो, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. पहिल्या अल्बमविषयी त्यात काही तथ्य आहे. तेथे बरीच गाणी एकाच वाफेची बनलेली वाटतात. 'सूव्लाकी'ला तो लागू करणे अवघड जाते. 'व्हेन द सन हिट्स'मध्ये कडवी जवळजवळ कुजबुजीत गायली जातात आणि ध्रुवपदाशी गिटारांची लाट अंगावर येते. या लाटेचा परिणाम आधीच्या संयमावर अवलंबून आहे. 'डॅगर'मध्ये तर लपायला पडदाच ठेवलेला नाही.

विघटन

सायमन स्कॉटने १९९४ मध्ये बँड सोडला. १९९५ च्या फेब्रुवारीत 'पिग्मॅलियन' हा अत्यंत विरळ, प्रयोगशील अल्बम निघाला आणि त्यानंतर लगेचच क्रिएशनने बँडला करारमुक्त केले. कंपनीकडे तेव्हा ओएसिस होते. हॉल्स्टेड व गॉसवेल यांनी मोहावे ३ या नावाने लोकसंगीताकडे झुकणारे वेगळे काम सुरू केले.

पुनर्मूल्यांकन

ब्रिटिश साप्ताहिकांनी केलेली हेटाळणी ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांना फारशी ठाऊक नव्हती, आणि पुनर्मूल्यांकनाचा आरंभही बऱ्याच अंशी तेथूनच झाला. अमेरिकन दिग्दर्शक ग्रेग अराकी यांनी आपल्या चित्रपटांत स्लोडाइव्हची गाणी वापरली. 'मिस्टीरियस स्किन' (२००४) हा त्यांपैकी सर्वांत परिचित. जर्मनीतील मॉर म्युझिक या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कंपनीने २००२ मध्ये 'ब्लू स्काइड ॲन क्लिअर' हा मानवंदना-संग्रह काढला. त्यात संगणकावर काम करणाऱ्या तरुण संगीतकारांनी स्लोडाइव्हची गाणी आपल्या रीतीने सादर केली. स्वर पसरवणे, शब्दांपेक्षा पोताला महत्त्व देणे ही त्यांची स्वतःचीच पद्धत होती. त्यामुळे साप्ताहिकांना जो पुसटपणा खटकला तो त्यांना ओळखीचा वाटला.

२००५ मध्ये बँडचे अल्बम पुन्हा प्रकाशित झाले, तेव्हा परीक्षण लिहिणारी पिढी बदललेली होती. शूगेझ विरुद्ध ब्रिटपॉप हे भांडण तिच्या लेखी इतिहासजमा होते. गाणी आता फाइलींच्या रूपाने एकमेकांना पाठवता येत होती, त्यामुळे श्रोत्याला आधी ऐकून मग मत वाचणे शक्य झाले. अमेरिकेतील पिचफोर्क या प्रकाशनाने २०१५ मध्ये या अल्बमवर माहितीपट काढला आणि २०१६ मध्ये सर्वोत्तम शूगेझ अल्बमांच्या यादीत त्याला दुसरे स्थान दिले. पहिले स्थान माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या 'लव्हलेस'ला मिळाले. योगायोगाने तोही क्रिएशनचाच अल्बम.

बँड २०१४ मध्ये पुन्हा एकत्र आला आणि बार्सिलोनाच्या प्रिमावेरा साउंड महोत्सवात वाजला. २०१७ मध्ये 'स्लोडाइव्ह' हा बावीस वर्षांनंतरचा नवा अल्बम आला. २०२३ चा 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' ब्रिटिश सूचीत पहिल्या दहांत पोचला, जे बँडला तारुण्यात कधीच साधले नव्हते.

पुनर्मूल्यांकनातही एकमत झालेले नाही. बँडच्या चाहत्यांत आणि समीक्षकांत 'सूव्लाकी'पेक्षा 'पिग्मॅलियन'ला श्रेष्ठ मानणारा एक गट आहे. 'सूव्लाकी' अखेर सुरेल पॉप गाण्यांचाच अल्बम आहे, तर 'पिग्मॅलियन'मध्ये बँडने गाण्याचा साचाच मोडला, असे या गटाचे म्हणणे आहे. हा वाद निदान संगीताविषयी आहे.