ॲलर्जी पोटातून येते की कातडीतून? (एपिसोडचं शब्दांकन)

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकण्यापेक्षा लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना जिथे फार भरकटलो तो भाग काढलाय. आणि नेहमीची सूचना: मी डॉक्टर नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे, वाचून समजून घेतो आणि तुम्हाला सांगतो.

आजचा विषय एका ऐकणाऱ्या ताईंच्या व्हॉइस मेसेजमुळे सुचला. त्यांचं बाळ साडेपाच महिन्यांचं. गालावर आणि कोपराच्या घडीत एक्झिमा, म्हणजे कोरडी, लाल, खाजणारी कातडी. सासूबाई म्हणतात, ‘वर्षभर शेंगदाणा दाखवूसुद्धा नका, उष्ण पडतो.’ अमेरिकेतल्या जाऊबाई म्हणतात, ‘आत्ताच सुरू कर.’ ताई विचारतात, ऐकू कोणाचं?

गंमत म्हणजे साधारण २० वर्षांपूर्वी अमेरिकेतले डॉक्टरही सासूबाईंच्याच बाजूने होते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सांगितलं होतं, की ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त आहे त्यांना ३ वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. ऐकायला किती लॉजिकल वाटतं! ज्याची भीती, ते लांब ठेवा. पण तिथली शेंगदाण्याची ॲलर्जी कमी होण्याऐवजी वाढतच गेली, आणि २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. असं का झालं हे कळायला आधी ॲलर्जी बनते कशी ते बघावं लागेल.

आपल्याकडे सर्रास म्हणतात, ‘ह्याची इम्युनिटी कमी आहे, म्हणून ॲलर्जी होते.’ बरोबर उलटं आहे. इथे इम्युनिटी नको तिथे नको तेवढी कामाला लागलेली असते. आमच्या भाषेत फॉल्स पॉझिटिव्ह. फायरवॉलने रोजच्या दूधवाल्यालाच हॅकर समजायचं.

हे दोन टप्प्यांत घडतं. पहिल्यांदा शेंगदाण्याचं प्रोटीन शरीरात शिरतं, तेव्हा पहारेकरी पेशी त्याचे तुकडे उचलून टी पेशींना दाखवतात. टी पेशींनी ‘हा शत्रू’ असा निर्णय घेतला, की त्या बी पेशींना आयजीई नावाची अँटीबॉडी बनवायला लावतात. ही आयजीई १९६६ च्या सुमारास इशिझाका नावाच्या जपानी नवरा-बायकोने अमेरिकेत डेन्व्हरमध्ये शोधली. ती जाऊन मास्ट पेशींवर बसते. मास्ट पेशी कातडीत, नाकात, फुफ्फुसात, आतड्यात सगळीकडे असतात आणि त्यांच्या पोटात हिस्टामीन भरलेलं असतं. इथपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही. पुरळ नाही, खाज नाही. सुरुंग फक्त पेरून ठेवलाय.

दुसऱ्यांदा तेच प्रोटीन आलं, की ते शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटतं आणि मास्ट पेशी हिस्टामीन सोडते. काही मिनिटांत गांधी, सूज, उलटी, घरघर. म्हणून ‘मागच्या वेळी खाल्लं तेव्हा तर काही झालं नव्हतं’ हे वाक्य ॲलर्जीच्या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

मग खरा प्रश्न असा, की त्या पहिल्या भेटीत टी पेशी ‘शत्रू’ का ठरवतात? रोज आपण एवढं परकं प्रोटीन गिळतो, वरण, दूध, मासे, सगळं. त्यावर भांडण का होत नाही? कारण आतड्यातली व्यवस्था मुळातच समजूतदार आहे. तोंडावाटे आलेल्या गोष्टीसाठी तिथे शांत करणाऱ्या टी पेशी तयार होतात आणि ‘हे जेवण आहे, सोडा’ असा निरोप देतात. कातडीचा स्वभाव वेगळा. निरोगी कातडीतून प्रोटीन आत जातच नाही. पण एक्झिमाने फुटलेल्या कातडीतून गेलं तर? तिथे आधीच धोक्याची घंटा वाजत असते. त्या गडबडीत जो आत सापडेल तो चोर.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले डॉक्टर गिडियन लॅक यांनी हीच कल्पना मांडली: पोटातून ओळख झाली तर मैत्री, फुटलेल्या कातडीतून झाली तर वैर. शेंगदाणा खाणाऱ्या घरात त्याचा अंश घरातल्या धुळीतही असतो. म्हणजे बाळाला खायला दिला नाही तरी तो कातडीवर पोचतोच. २००० सालच्या सल्ल्याने मैत्रीचा दरवाजा बंद केला आणि वैराचा उघडा राहिला.

कातडीचा हा प्रताप बघायचा तर जपानमधला साबणाचा किस्सा ऐका. तिथे एक चेहरा धुवायचा साबण फार चालायचा. त्यात गव्हाचं तोडलेलं, म्हणजे हायड्रोलाइज्ड प्रोटीन घातलेलं होतं. रोज तोंड धुऊन धुऊन २,००० हून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. जन्मभर उडोन नूडल्स खाणारी धडधाकट माणसं! २०११ मध्ये तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात हादरवणारी गोष्ट हीच आहे.

आता पुरावा. लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ब्रिटन आणि इस्राएलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. वंश साधारण तोच, पण ब्रिटनमधल्या मुलांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी जवळपास दहापट. इस्राएलमध्ये बाळं अगदी लहानपणापासून बांबा नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरा खाऊ खातात, ब्रिटनमध्ये त्या वयात शेंगदाणा देतच नव्हते. नुसत्या तुलनेवर विश्वास ठेवायचा नाही हे आपल्याला माहितीये, म्हणून मग ‘लीप’ नावाची चाचणी झाली. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. सगळ्यांना तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी, म्हणजे जास्त धोक्याची. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एकाने ५ वर्षांपर्यंत शेंगदाणा टाळायचा, दुसऱ्याने आठवड्याला निदान ६ ग्रॅम शेंगदाण्याचं प्रोटीन खायचं. २०१५ मध्ये निकाल आला. टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी ३.२ टक्के. एवढा मोठा फरक मेडिकलमध्ये रोज दिसत नाही.

तर ताई, तुमचं उत्तर. सहा महिन्यांच्या आसपास बाळ मऊ भात, फळाचा गर नीट खायला लागलं की शेंगदाणा देता येतो. पण एक्झिमा तीव्र असेल किंवा अंड्याने आधी काही झालं असेल, तर आधी डॉक्टर. गरज वाटली तर ते टेस्ट करून मग सुरू करतील. आख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो. कोरडं कूटही नको. भाजलेल्या दाण्यांची अगदी मऊ पेस्ट कोमट पाण्यात पातळ करून चमच्याच्या टोकावर द्यायची, थोडा वेळ बघायचं, काही झालं नाही तर थोडी अजून. बाळाला ताप असेल तर तो दिवस सोडा. एकदा जमलं की आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा. आणि एक्झिमावर उपचार मनापासून करा, क्रीमचा कंटाळा करू नका, कारण तो दुसरा दरवाजा तिथेच आहे. सासूबाईंना सांगताना ‘तुमचं चुकलं’ म्हणू नका. आपल्याकडे उष्टावणाला सहाव्या महिन्यात अन्न चाखवायची पद्धत आहेच, त्यात एक चमचा वाढतोय एवढंच सांगा.

मग इतर आहाराचं काय? इथे मी जरा हात राखून बोलणार. फायबर, म्हणजे डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी, आतड्यातले जिवाणू पचवतात आणि त्यातून जी आम्लं बनतात ती शांत करणाऱ्या टी पेशींना मदत करतात. हे उंदरांमध्ये चांगलं दिसलंय. माणसांत ‘भाकरी खा, ॲलर्जी जाईल’ म्हणण्याइतकं नाही. भाकरी खा, ती तशीही चांगलीच आहे. आईने गरोदरपणी पथ्य म्हणून दूध-दाणे-अंडी टाळली तर बाळाची ॲलर्जी टळते, असंही दिसलेलं नाही. आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ काढे? आधीच भडकलेल्या यंत्रणेला बूस्ट कशाला करताय?

एक गोष्ट मात्र गोंधळू देऊ नका. ‘लवकर खायला द्या’ हे ॲलर्जी होण्याआधीचं आहे. एकदा झाली, की ‘थोडं थोडं खा, सवय होईल’ हा घरगुती प्रयोग जीवावर बेततो. तसे उपचार असतात, पण तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजून मापून.

माझ्या हॉस्टेलच्या रूममेटला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. महाराष्ट्रात! खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, ठेचा, जायचं कुठे? एका रात्री त्याने मेसच्या काकांना विचारलं, ‘काका, भाजीत दाणे नाहीत ना?’ काका म्हणाले, ‘नाहीत रे बाळा.’ काकांच्या हिशोबात कूट म्हणजे दाणे नव्हेत. तीन घासांत ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. कुणीतरी सिट्रिझिनची गोळी पुढे केली. नशीब, एका सिनियरला माहीत होतं की गोळीने खाज थांबते, पण बंद होणारा श्वास उघडत नाही आणि पडणारं बीपी वर येत नाही. त्याला उचलून हॉस्पिटलला नेलं, मांडीत ॲड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं, कारण असा अटॅक काही तासांनी परत येऊ शकतो. तर खाल्ल्यावर अंगावर गांधी आणि सोबत श्वासाचा त्रास, आवाज बदलणं किंवा चक्कर असं दिसलं, तर वाट बघू नका, १०८ लावा. माणसाला आडवं झोपवून पाय उंच ठेवा, दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवत नेऊ नका.

तो आता कुठेही जेवायला गेला की तीन प्रश्न विचारतो: दाणे आहेत का, कूट आहे का, तेल कोणतं? तिसरा प्रश्न उगाच नाही. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रोटीन जवळपास उरत नाही, पण सध्या फॅशनमध्ये असलेल्या लाकडी घाण्याच्या तेलात ते राहतं.