दुधाचेच दात, पडणारच आहेत!

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत!’ पिंपरीच्या झोपडपट्टीपासून चाकणजवळच्या महाळुंगे-खराबवाडीतल्या भाड्याच्या खोल्यांपर्यंत हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले, याची गणती नाही. तीन वर्षांचे पोर रात्रभर गाल धरून रडते, भाकरी चावत नाही, पुढचे दात काळे पडून झिजलेले. आणि घरातले मोठे माणूस एवढे बोलून मोकळे होते. या समजुतीने आपल्या लेकरांचे फार नुकसान केले आहे.

दुधाचे दात २०. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. त्यातल्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे अंगाने भरण्याच्या साऱ्या वयात मूल याच दाढांनी चावते. त्यांच्याखालीच कायमचे दात तयार होत असतात. दुधाची दाढ अवेळी गेली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वाकडा येतो.

दात किडतो कसा? दातात किडा नसतो. बाजारात दातातून किडा काढून दाखवणारा हातचलाखी करतो आणि आपण पैसे मोजतो! तोंडातले जिवाणू साखरेवर जगतात, आम्ल सोडतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. साखर दिवसातून किती वेळा तोंडात जाते, याला फार महत्त्व आहे. झोपेत लाळ कमी सुटते. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळ झोपले की वरचे पुढचे दात रात्रभर त्या दुधात भिजतात. खालचे जिभेच्या आडोशाने वाचतात.

पण ही बाटली घरात आली कुठून? आई कंत्राटदाराकडे रोजावर जाते. बाळ शेजारणीकडे, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीकडे. रडले की बाटली, नाहीतर चहात बुडवलेले बिस्कीट. त्या आईला आम्ही दोष देणार नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार मातेची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न म्हणून मांडला आणि तिचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, असे सांगितले. २०१७ च्या कायदा दुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. आपल्या कारखान्यात हे पाळणाघर कुठे आहे, असा प्रश्न किती युनियनांनी विचारला?

हक्कासाठी भांडायचेच, पण घरातले काम उद्यावर टाकता येत नाही. पहिला दात दिसताच मऊ, लहान ब्रश आणावा. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी; सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवावा, आणि बापानेही फिरवावा! दुधात साखर घालू नये. वर्षाचे झाले की बाटली सोडवून पेला द्यावा. मिश्रीचे बोट लेकराच्या तोंडात कधीही घालू नये. मिश्री म्हणजे तंबाखूच. महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून पाहावे. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर ती थांबवता येते.

आणखी एक. दात येताना लाळ गळते, मूल चिडचिडते. पण जुलाब आणि जास्त ताप ‘दातांचे आहेत’ म्हणून अंगावर काढू नका. ओआरएस पाजा, दवाखाना गाठा. वरचा दात आधी आला तर मामावर संकट येते, ही समजूत तर आता पुरूनच टाकावी.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी आहे आणि किडलेले दातही त्यात तपासायचे असतात. आपल्या अंगणवाडीत हे पथक शेवटचे कधी आले, हे सेविकेला विचारा. आले नसेल तर चार आयांनी मिळून अर्ज द्या. पिंपरीत महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, दंत महाविद्यालयही आहे.

देहूरोडच्या विहारात बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. दरवर्षी त्या दिवशी या पट्ट्यातून माणसे लेकराबाळांसह तेथे जातात. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी दंतवैद्याचे एक टेबल मांडायला किती खर्च येईल? आपल्यात शिकून दंतवैद्य झालेली मुले-मुली आहेत. त्यांना आमचे आवाहन आहे : यंदा ते टेबल तुम्ही मांडा.