विस्मृतीचा वारसा

श्रावणातील एका सकाळी भोरच्या एस. टी. स्थानकावर एक वृद्ध स्त्री वेल्ह्याच्या गाडीची वाट पाहत बसली होती. अंगावर नीटनेटके नऊवारी लुगडे, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत ओंजळभर तांदूळ. आपण माहेरी निघालो आहोत, नसरापूरला वडील न्यायला येणार आहेत, असे ती शेजारच्या उतारूंना मोठ्या समाधानाने सांगत होती. तिच्या वडिलांना जाऊन चाळीस वर्षे लोटली होती. ती स्त्री म्हणजे माझी आई. तिला शोधीत मी तेथे पोहोचलो, तेव्हा तिने माझ्याकडे परक्याकडे पाहावे तसे पाहिले आणि विचारले, "आपण कोणाकडचे?"

आईच्या थोरल्या बहिणीलाही याच विकाराने गाठले होते. पुढे आई गेली. त्यानंतर एके दिवशी माझ्या नातीने मला प्रश्न केला, "आजोबा, पणजीला झाले ते तुम्हालाही होईल का? मग तुम्ही मला ओळखणार नाही?" ती सहावीत शिकते. मुलांना वाटणारी भीती खोटे बोलून घालवू नये, असे मी शिक्षक म्हणून मानीत आलो आहे. म्हणून उत्तर देण्यापूर्वी मी काही दिवस मागून घेतले, पुस्तके चाळली, जाणत्या डॉक्टरांना विचारले. जे समजले ते येथे सांगतो.

वय झाले की थोडे विसरायला होतेच. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधणारे आजोबा कोणी पाहिले नाहीत? परंतु चष्मा हातात असून तो कशासाठी असतो हेच न उमगणे, ही गोष्ट निराळी. स्मरण, विचार आणि रोजचे व्यवहार यांचा असा ऱ्हास होऊ लागला, म्हणजे त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ८८ लाख लोकांना तो असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याची कारणे अनेक आहेत. काही वेळा केवळ एखाद्या जीवनसत्त्वाच्या अभावाने विसराळूपणा येतो आणि उपचाराने तो बरा होतो. म्हणूनच 'म्हातारपण आहे, चालायचेच' असे म्हणून घरी बसू नये. तथापि स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अल्झायमर नावाचा विकार होय.

हे नाव एका जर्मन डॉक्टरांचे आहे. १९०१ साली फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात एक्कावन्न वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावही धडपणे लिहिता येईना. डॉक्टर अलॉइस अल्झायमर तिच्याजवळ बसून प्रश्न विचारीत आणि उत्तरे टिपून ठेवीत. १९०६ साली ती मरण पावल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. तेव्हा पेशींच्या बाहेर गाठींसारखे पुंजके आणि पेशींच्या आत पीळ पडलेले धागे त्यांना दिसले. त्या पुंजक्यांत अमिलॉइड आणि धाग्यांत टाऊ ही प्रथिने असतात, हे आज आपणांस ठाऊक आहे. हा बिघाड लक्षणे दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे निमूटपणे चाललेला असतो. नव्या आठवणी साठविणाऱ्या भागाला त्याची झळ लवकर लागते. जुन्या आठवणी त्या मानाने उशिरापर्यंत टिकतात. आईला सकाळचे जेवण आठवत नसे, पण जात्यावरच्या ओव्या ती एकही शब्द न चुकता म्हणे. माझे नाव गेले, ओव्या राहिल्या! मला याचा त्या वेळी थोडा रागही येई. आता येत नाही.

आता वारशाविषयी. आईवडिलांकडून आपणांस जशी नाकाची ठेवण मिळते, तसेच काही विकारांकडे झुकणारे जनुकही मिळतात. जगात काही थोडी घराणी अशी आहेत की, त्यांच्यातील एका सदोष जनुकामुळेच हा विकार ऐन उमेदीत, साठीच्या आतच, उद्भवतो आणि तो जनुक प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. परंतु अल्झायमरच्या शंभर रुग्णांत असा एकही पुरता सापडत नाही. बाकीच्यांत वारसा एवढा कठोर नसतो. त्यांच्यात 'एपीओई' नावाच्या जनुकाचा चौथा प्रकार महत्त्वाचा आहे. तो आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तर धोका वाढतो, दोघांकडून आला तर अधिक वाढतो. परंतु तो असूनही ज्यांना कधी विकार झाला नाही असे लोक आहेत, आणि तो नसतानाही ज्यांना झाला असेही आहेत. म्हणून घरात एखाद्याला विकार झाला, एवढ्यावरून मुलांच्या रक्ताची परीक्षा करविण्यात अर्थ नसतो.

मग त्या वारशापुढे माणसाचे काही चालते का? इंग्लंडादी देशांतील साठीपुढच्या १,९६,३८३ लोकांची सुमारे आठ वर्षे पाहणी करून संशोधकांनी २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या जनुकांत धोका अधिक होता आणि राहणीही वाईट होती, अशा हजारांपैकी सुमारे अठरांना स्मृतिभ्रंश झाला. धोका तितकाच, पण धूम्रपान नाही, नियमित व्यायाम, सकस आहार आणि मद्याचा अतिरेक नाही, अशांत हेच प्रमाण हजारी सुमारे अकरा भरले. अठरा आणि अकरा यांतील अंतर ध्यानात घ्या. अकरा म्हणजे शून्य नव्हे, हेही ध्यानात घ्या.

चिकित्सक विद्यार्थी येथे हात वर करील. चांगली राहणी आणि चांगला मेंदू एकत्र दिसले, म्हणून एकामुळेच दुसरे झाले असे कसे म्हणावे? शंका रास्त आहे. तिचे अंशतः उत्तर फिनलंडमध्ये मिळाले. तेथे १२६० वृद्धांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीचा आरोग्यविषयक सल्ला दिला. दुसऱ्याला दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे पाठ आणि रक्तदाबादींची देखरेख, असे सारे दिले. २०१५ साली निकाल आला. दुसऱ्या गटाने बुद्धीच्या चाचण्यांत अधिक प्रगती केली होती, आणि तो चौथा प्रकार ज्यांच्या अंगी होता त्यांनाही लाभ झाल्याचे पुढे दिसून आले. विकार टळतोच, हे मात्र एवढ्यावरून सिद्ध होत नाही.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली बदलता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. ती सर्व दूर करता आली, तर जगातील स्मृतिभ्रंशाचे शंभरांतील सुमारे पंचेचाळीस प्रसंग टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांत अपुरे शिक्षण हे एक कारण आहे. ते वाचून मी थबकलो.

आईचे माहेर तोरण्याच्या पायथ्याशी. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. शाळा नदीपलीकडच्या गावी होती आणि पावसाळ्यात नदीला उतार नसे. आईची शाळा दोन इयत्तांत संपली. शिक्षणाचा आणि म्हातारपणीच्या स्मरणाचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. आपल्याकडील घाटरस्त्यांवर पावसाळ्यात दरडी कोसळतात. ज्याला एकच रस्ता ठाऊक, तो अलीकडेच अडकतो. ज्याला ओढ्याकाठची पायवाट आणि सोंडेवरची गुराख्यांची वाटही ठाऊक असते, तो उशिरा का होईना, घरी पोहोचतो. वाचन, गणित, नवी भाषा, वादन, लोकांशी बोलणे यांनी मेंदूत अशा अनेक वाटा पडतात. पुढे एखादी बंद झाली तरी काम काही काळ दुसरीवरून चालते. ही गंगाजळी लहानपणापासून साठत जाते.

उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठी राहणी, धुराने भरलेली हवा ही कारणे तुम्ही इतरत्रही वाचली असतील. जे हृदयाला अपायकारक ते बहुधा मेंदूलाही. डोक्याला होणारी इजा हेही एक कारण आहे. कात्रजच्या रस्त्याने शिरस्त्राण हँडलला अडकवून दुचाकी हाकणाऱ्यांना हे कोणी सांगावे? परंतु मला सर्वाधिक बोचले ते बहिरेपणाचे कारण. ऐकू येईनासे झाले की माणूस बोलण्यातून अंग काढून घेतो आणि मेंदूला मिळणारे खाद्य कमी होते. आईला साठीनंतर ऐकू कमी येऊ लागले होते. आम्ही मोठ्याने बोलत राहिलो. पुढे बोलणेच कमी केले. यंत्र आणले असते तर तिचा विकार टळला असता, असे मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. आणावयास हवे होते, एवढे खरे.

एका श्रेष्ठ कलावंताने हा विकार मराठी घरांपुढे आणला. भोर येथे जन्मलेले डॉक्टर मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. २०१३ सालच्या 'अस्तु' या चित्रपटात त्यांनी स्मृती हरवलेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली. घरच्या माणसांची ओढाताण त्यात जशी आली आहे, तशी आम्ही भोगली होती.

नातीला मी हे सारे सांगितले. "मला होणारच नाही, असे वचन देता येत नाही. पण होणारच, असेही नाही," असे म्हणालो. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "आजोबा, तुमचे कान कधी तपासले?"

तपासले नव्हते. त्याच आठवड्यात आम्ही दोघे पुण्यास जाऊन आलो. डाव्या कानात आता यंत्र आहे. ते लावून घरी आलो त्या रात्री पाऊस सुरू झाला, आणि आमच्या पडवीच्या पत्र्यावर तो एवढा मोठ्याने वाजतो, हे मला कित्येक वर्षांनी पुन्हा कळले.