हत्तीरोग : निरोगी माणसाने गोळी का घ्यायची?

हत्तीरोग हा डासांमार्फत पसरणारा कृमींचा आजार आहे. महाराष्ट्रातले अठरा जिल्हे हत्तीरोगग्रस्त म्हणून नोंदले गेले. त्यांत पूर्व विदर्भाचा वाटा मोठा असला, तरी मराठवाड्यातले नांदेड, लातूर आणि धाराशिव हे जिल्हेही त्या यादीत आहेत. लातूरच्या सीमेला लागून असलेला बीदर आणि त्यापलीकडचे कलबुरगी, यादगीर हे कर्नाटकातले जिल्हेही याच पट्ट्यात मोडतात. या रोगाने माणूस सहसा दगावत नाही. पण पाय सुजून जड होतो, पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते आणि हातावर पोट असलेला माणूस कामातून जातो. शिवाय लोक काय म्हणतील म्हणून दुखणे वर्षानुवर्षे झाकून ठेवले जाते.

आपल्याकडे या रोगाला मुख्यतः ‘व्युचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी’ नावाचा दोऱ्यासारखा कृमी कारणीभूत असतो. त्याचा प्रसार क्युलेक्स जातीचा डास करतो. डेंग्यूचा डास घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, तर क्युलेक्सला तुंबलेली गटारे, सांडपाण्याची डबकी आणि संडासाच्या टाक्या मानवतात. हा डास रुग्णाला चावला की रक्तातल्या सूक्ष्म अळ्या त्याच्या पोटात जातात आणि साधारण दोन आठवड्यांत संसर्गक्षम होतात. नंतर डास दुसऱ्याला चावतो तेव्हा त्या कातडीवर उतरतात आणि डंखाच्या छिद्रातून आत शिरतात. डासाच्या शरीरात त्यांची संख्या वाढत नाही, त्यामुळे एखाददुसऱ्या चाव्याने रोग जडत नाही. महिनोन्‌महिने, शेकडो-हजारो डास चावत राहिले तरच कृमी घर करतात.

पूर्ण वाढलेले कृमी लसिकावाहिन्यांत पाच ते आठ वर्षे जगतात. मादी या काळात लाखो सूक्ष्म अळ्या रक्तात सोडते. वाहिन्या हळूहळू निकामी होतात, त्यांतला द्रव साचतो आणि सूज येते. लागण बहुधा लहानपणी होते, सूज मात्र अनेक वर्षांनी दिसते. मधल्या काळात माणूस धडधाकट असतो, शेतात राबतो, बाजारहाट करतो. त्याच्या रक्तात अळ्या असतात आणि गावातले डास त्या वाहून नेत असतात. याउलट पाय हत्तीसारखा झालेल्या रुग्णाच्या रक्तात अनेकदा एकही अळी सापडत नाही. रोग पसरतो तो मुख्यतः वरून निरोगी दिसणाऱ्यांकडून. नियंत्रणाचे सगळे शास्त्र या एका गोष्टीभोवती उभे आहे.

या शास्त्राच्या पायाभरणीत भारताचाही वाटा आहे. 1872 मध्ये टिमथी लुइस यांना कलकत्त्यात माणसाच्या रक्तात या अळ्या दिसल्या. 1877 मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथे त्या डासाच्या शरीरात वाढतात हे दाखवले. डास रोगाच्या जंतूंना आश्रय देतो, याचा तो पहिला पुरावा होता. अळ्या रात्रीच रक्तात मोठ्या संख्येने दिसतात, हेही मॅन्सन यांनीच नोंदवले. दिवसा त्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास कातडीजवळच्या रक्तात उतरतात. क्युलेक्स डास चावण्याची वेळही हीच.

म्हणूनच आरोग्य कर्मचारी रक्ताचे नमुने घ्यायला रात्री दारात येतात. बोटाला टोचून तीन थेंब रक्त काचपट्टीवर घेतले जाते आणि त्याचा जाड लेप करून तो वाळवला जातो. दुसऱ्या दिवशी काचपट्टी पाण्यात धरून तांबड्या पेशींचा रंग उतरवतात आणि मग ती रंगद्रव्यात बुडवतात. सूक्ष्मदर्शकाखाली अळी वळलेल्या दोऱ्यासारखी दिसते. तिच्याभोवती पातळ आवरण असते, अंगात ठिपक्यांसारखी केंद्रके असतात आणि शेपटीचे टोक मात्र रिकामे असते. या रिकाम्या टोकावरून तंत्रज्ञ तिची जात ओळखतो.

औषधाच्या शोधातही भारतीय नाव आहे. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत 1947 मध्ये डीईसी हे औषध तयार झाले. 1955 मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. रात्री रक्त तपासायचे, बाधित आढळेल त्याला औषध द्यायचे आणि डासांच्या अळ्या मारायच्या, अशी त्याची रीत होती. पण प्रत्येक घरातल्या प्रत्येकाला रात्री गाठणे शक्य नव्हते. हाती न लागलेले वाहक संसर्ग चालूच ठेवत.

जागतिक आरोग्य संघटनेने 2000 मध्ये दूरीकरणाची मोहीम हाती घेतली, तेव्हा विचाराची दिशा बदलली. वाहक कोण हे शोधत बसण्यापेक्षा ग्रस्त भागातल्या सगळ्यांनाच वर्षातून एकदा औषध द्यायचे, असे ठरले. कृमींच्या आयुष्याइतकी वर्षे अळ्यांचा पुरवठा तोडला, तर साखळी तुटते. भारतात 2004 पासून सामुदायिक औषधोपचार मोहीम चालते. डीईसीच्या गोळ्या वयानुसार एक ते तीन, सोबत अल्बेंडाझोलची एक. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना त्या देत नाहीत. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात.

या दोन औषधांत आयव्हरमेक्टिन या तिसऱ्या औषधाची भर घातली तर उपचार सुरक्षित राहतो का, हे तपासण्यासाठी पाच देशांत अभ्यास झाला. भारतातले त्याचे केंद्र यादगीर होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये या तिहेरी उपचाराची शिफारस केली आणि महाराष्ट्रात 2019 मध्ये नागपूरला त्याची सुरुवात झाली.

शास्त्र इतके स्पष्ट असूनही गाडी अडते ती गोळी घशाखाली उतरण्याशी. एकूण लोकसंख्येपैकी किमान 65 टक्के लोकांनी औषध प्रत्यक्ष गिळले, तरच फेरी परिणामकारक धरतात. आशा कार्यकर्ती गोळ्या देऊन जाते, घरातली माणसे ‘जेवल्यावर घेतो’ म्हणून त्या फळीवर ठेवतात आणि कागदावरचा आकडा व पोटातला आकडा वेगळा होतो. त्यामुळेच समक्ष गोळी खाऊ घालण्याचा आग्रह धरला जातो. औषधानंतर काहींना ताप, डोकेदुखी किंवा गरगरणे जाणवते. रक्तात मेलेल्या अळ्यांची ती प्रतिक्रिया असते आणि ती बहुधा एकदोन दिवसांत ओसरते. दुसरी अडचण स्थलांतराची. मोहिमेची एक फेरी फेब्रुवारीत असते. त्या वेळी मराठवाड्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात आणि गावच्या यादीतली त्यांची पाने कोरी राहतात.

औषध कधी थांबवायचे, यालाही कसोटी आहे. रात्रीच्या तपासणीत अळ्या असणारे शंभरात एकाहून कमी झाले की सहा-सात वर्षांच्या मुलांची चाचणी करतात. मोहीम चालू असताना जन्मलेल्या मुलांत संसर्ग नसेल, तर प्रसार थांबला असे मानता येते. ही पाहणी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा केली जाते. श्रीलंकेने 2016 मध्ये, थायलंडने 2017 मध्ये आणि बांगलादेशाने 2023 मध्ये ही कसोटी पार केली.

ज्यांच्या पायाला सूज आली आहे, त्यांच्यासाठी गोळीपेक्षा निगा महत्त्वाची. पाय रोज साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, जखमेवर लगेच मलम लावणे आणि झोपताना पाय उंचावर ठेवणे, एवढ्याने तापाचे झटके कमी होतात. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे आणि ती सरकारी रुग्णालयात होते. डासांसाठी गटारे वाहती ठेवणे, डबक्यांत गप्पी मासे सोडणे आणि संडासाच्या टाकीच्या नळीला जाळी बांधणे, हे ग्रामपंचायत आणि घरमालक दोघांचेही काम आहे.

भारताने दूरीकरणासाठी 2027 हे वर्ष ठरवले आहे. मोहीम असलेल्या गावात आशाताई दारात आल्या, तर गोळ्या फळीवर न ठेवता त्यांच्यासमोरच घ्याव्यात.