यमकांची कसोटी

गझलेत काफिया जुळला की मैफल दाद देते. आम्हा कवींना यमक हवं असतं ते दोन शब्द कानाला सारखे वाटावेत म्हणून. लष्करात मात्र याच यमकांनी उलटी परीक्षा घेतात: सारखे वाटणारे शब्द कानाला वेगळे कळतात का?

रणगाडा वेगानं धावू लागला की आतला आवाज ११० डेसिबलच्याही वर जातो. इंजिनाची घरघर आणि पोलादी पट्ट्यांचा खडखडाट यांत हाताच्या अंतरावरच्या माणसाशीही इंटरकॉमवरूनच बोलावं लागतं. आपल्या बोलण्यात जोर असतो स्वरांचा, पण बराचसा अर्थ वाहतात ती नाजूक व्यंजनं. ‘थांब’मधला ‘आं’ गोंगाटातून पार होतो; ‘थ’ बुडतो. मग ऐकणाऱ्यानं ‘लांब’ समजायचं की ‘खांब’?

हे मोजण्यासाठी अमेरिकेत १९६५ मध्ये यमकांची एक सुधारित चाचणी मांडली गेली. तीत ३०० इंग्रजी शब्द, सहा-सहांचे ५० गट. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पाट, वाट, लाट, घाट, थाट, भाट. वाहनात किंवा तसाच गोंगाट सोडलेल्या खोलीत एक जण मायक्रोफोनवर यातला एक शब्द बोलतो. हेडसेट लावलेले श्रोते सहांपैकी एकावर खूण करतात. पूर्ण वाक्यं देत नाहीत, कारण वाक्यातला हरवलेला शब्द मन आपसूक भरून काढतं आणि यंत्राचा दोष झाकला जातो.

गुण देण्याची रीतही चोख आहे. कान बंद ठेवून नुसत्या अंदाजानं ३०० खुणा केल्या, तर सरासरी ५० बरोबर येतील, २५० चुकतील. म्हणून चुकांचा पाचवा हिस्सा बरोबर उत्तरांतून वजा करतात. ५० वजा ५०, हाती शून्य!

एवढा काटेकोरपणा कशासाठी? अमेरिकी लष्कराचा एक अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. सिम्युलेटरमधल्या लुटुपुटूच्या लढाईत रणगाड्यांच्या तुकड्यांचं संभाषण मुद्दाम अस्पष्ट करत नेलं. बोलणं स्वच्छ होतं तेव्हा शत्रूची ९४ टक्के लक्ष्यं टिपली गेली. अगदी अस्पष्ट झालं तेव्हा ४१ टक्के. आणि तुकडीच शत्रूच्या माऱ्यात सापडण्याचं प्रमाण ७ टक्क्यांवरून २८ वर गेलं. रणगाडा तोच, माणसं तितकीच तयारीची. उणं पडलं ते शब्दांचं पोहोचणं.

नुसता आवाज वाढवणं हा यावर इलाज नाही. त्यानं शब्द फाटतो आणि कानही जातो. दोन्ही बाजूंनी उघडा, ओठांशी धरायचा मायक्रोफोन दूरचा गोंगाट बराचसा आपल्याआप छाटतो. घट्ट बसणारा हेडसेट उरलेला अडवतो. तरीही कोणतं व्यंजन वाटेत बुडतंय, हे शेवटी चाचणीला बसलेल्यांच्या खुणाच सांगतात. आवाज पोहोचला म्हणजे शब्द पोहोचला असं नाही, आणि रणगाड्यातल्या माणसाला ‘पुन्हा बोला’ म्हणायला दर वेळी सवड मिळत नाही.