नर्सिंग शिकवणाऱ्या मॅडमला पुरस्कार मिळतो, म्हणजे नेमकं काय? १२ मे आला की फोटो येतात, त्यामागचं समजून घ्या

दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन असतो. त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर नर्सताईंच्या सत्काराचे फोटो फिरतात. त्यात एखाद्या नर्सिंग कॉलेजच्या प्राध्यापिकाही असतात. मग गावात प्रश्न निघतो, पेशंट सांभाळणाऱ्या सिस्टरला पुरस्कार ठीक आहे, पण वर्गात शिकवणाऱ्या मॅडमला कशासाठी?

१२ मे हाच दिवस का?
फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० चा. युद्धात जखमी सैनिकांची सेवा करणारी, हातात दिवा घेतलेली बाई म्हणून त्या सगळ्यांना माहीत आहेत. पण त्यांचं मोठं काम शिकवण्याचं आहे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने नर्सिंगची शाळा सुरू झाली. नर्सला रीतसर शिक्षण पाहिजे, हे तिथून जगाला पटत गेलं.

एकाच नावाचे दोन सन्मान
बऱ्याच जणांचा इथे गोंधळ होतो. आपल्या केंद्र सरकारचा राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे. तो राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी १५ जणांना तो दिला. उपकेंद्रातली एएनएम, आरोग्य सहायिका, दवाखान्यातली नर्स आणि नर्सिंग शिकवणाऱ्या, असे सगळे यात येऊ शकतात.

दुसरं आहे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचं फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक. ते १९१२ मध्ये ठरलं आणि दोन वर्षांतून एकदा दिलं जातं. युद्धात, आपत्तीत धाडसाने केलेली सेवा तर त्यात धरतातच, पण नर्सिंग शिक्षणात नवी वाट पाडणाऱ्यांनाही ते मिळू शकतं. म्हणजे शिकवणं हे सेवेइतकंच मोलाचं, हे जगानेही मान्य केलं आहे.

चांगली शिक्षिका काय शिकवते?
बाळंतपणाचंच उदाहरण घ्या. बाळ बाहेर आलं की एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं असतं, म्हणजे वार पडताना जास्त रक्त जात नाही. अर्धा लिटरच्या वर रक्त गेलं तर तो धोका समजतात. पण रक्त चादरीत मुरलेलं असतं, ते मोजणार कसं? हे पुस्तकातून कळत नाही. मॅडम वॉर्डात उभ्या राहून भिजलेली चादर, पॅड दाखवून अंदाज घ्यायला लावतात.

बाळ रडलं नाही तर पहिलं मिनिट सोन्याचं. बाळ कोरडं करायचं, पाठ चोळायची, तरी श्वास नाही आला तर पिशवी आणि मास्कने हवा द्यायची. हा सराव आधी पुतळ्यावर पुन्हा पुन्हा करून घेतात. कारण रात्री दोन वाजता आरोग्य केंद्रात पुस्तक उघडायला वेळ नसतो, तिथे हात आपोआप चालले पाहिजेत.

औषध देतानाही पाच गोष्टी तपासायची सवय लावतात: पेशंट तोच का, औषध तेच का, मात्रा बरोबर का, वेळ बरोबर का, आणि तोंडाने द्यायचं की सुईने. एक मॅडम वर्षाला चाळीस-पन्नास मुली घडवत असतील, तर वीस वर्षांत किती दवाखान्यांत त्यांचा हात पोचला, हिशोब तुम्हीच करा.

आपल्याला याचं काय?
आपल्या भागातल्या कितीतरी मुली बारावीनंतर नर्सिंगला जातात. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बाप शेतीवर कर्ज काढून फी भरतो. पण इमारत आणि बसची सोय बघतो, शिकवतं कोण ते विचारत नाही. बियाणं घेताना आपण पिशवीवरचं चित्र बघून घेतो का? लॉट नंबर, टॅग, पावती सगळं बघतो. तसंच इथेही बघा. प्रवेशाआधी एवढं विचाराच:

- महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का? बीएस्सीसाठी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नता आहे का?
- शिक्षिका पूर्णवेळ आहेत की फक्त तपासणीच्या दिवशी दिसतात? बीएस्सीला साधारण दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, असं प्रमाण धरलेलं आहे.
- मुलींना प्रॅक्टिकलला कोणत्या दवाखान्यात नेतात? तिथे खरंच पेशंट असतात का?
- वॉर्डात मुलींसोबत शिक्षिका असते की मुलींना नुसतं सोडून देतात?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. त्याचं उत्तर ऑफिसात मिळणार नाही, तिथे शिकणाऱ्या जुन्या मुलींना विचारा. त्या खरं सांगतात.

आणि एक. चांगलं शिकवणाऱ्या सगळ्याच मॅडमचं नाव दिल्लीपर्यंत जात नाही. आपल्या तालुक्यात अशी कोणी असेल, तर येत्या परिचारिका दिनाला ग्रामपंचायतीत बोलवा, नारळ-शाल द्या. आपल्या लेकी-सुनांचं बाळंतपण सुखरूप होतं, त्यात त्यांचाही वाटा आहे.