टाकी भरली, आता ओतायची कुठे?

माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते आणि पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी या गावांची लोकसंख्या एकेका रात्रीपुरती कितीतरी पटींनी वाढते. अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली या बाजूने तुकोबांची पालखी येते, तिकडेही हेच. या गावांत आता मुक्कामाच्या ठिकाणी चाकांवरच्या फिरत्या शौचालयांच्या रांगा उभ्या असतात. उघड्यावर जाण्यापेक्षा ही सोय किती तरी बरी. विशेषतः बायकांसाठी. अंधार पडायची वाट पाहत लघवी तुंबवणे, त्यासाठी दिवसभर पाणीच न पिणे आणि मग मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, हे चक्र या गाड्यांमुळे बरेच तुटते.

पण मैला नजरेआड झाला म्हणजे संपला असे नाही. तो खालच्या टाकीत असतो, आणि ती टाकी फार लवकर भरते. हिशेब सोपा आहे. आपल्याकडे कागद नाही, पाणी वापरतात. एका माणसामागे मैला, लघवी, धुण्याचे आणि ओतण्याचे पाणी मिळून तीन ते चार लिटर सहज होते. समजा दहा खणांची गाडी आहे, तिची टाकी एक हजार लिटरची आहे आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक खणात नवा माणूस जातो. म्हणजे तासाला १२० माणसे. तीन तासांच्या आत टाकी काठोकाठ. पहाटे तीनला सुरू झालेली रांग साडेपाचलाही संपलेली नसते.

मैला उपसणारी सक्शन गाडी तेव्हा कुठे तरी गर्दीत अडकलेली असते. अशा वेळी टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह थोडा सैल करून ठेवण्याचा मोह होतो. रात्रभर पाणी बारीक धारेने शेजारच्या चारीत जात राहते, टाकी ‘भरत नाही’ आणि सगळे खूश. इथेच खरी गडबड आहे. बाहेर जाते ते फक्त पाणी. घट्ट मैला आत राहतो आणि पाणी निघून गेल्यामुळे त्याचा ढीग बसतो, थरावर थर चढून कडक होतो. परदेशात घरासारखी गाडी घेऊन फिरणारी मंडळी नव्या माणसाला पहिली ताकीद देतात ती हीच: संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, ती बरीचशी भरू द्यायची आणि एकदम मोकळी करायची. भरपूर पाण्याच्या लोटाबरोबर घट्ट भागही निघतो. आधी संडासाची टाकी, मग मोरीच्या पाण्याची. म्हणजे तेच साबणाचे पाणी पाइप धुऊन काढते.

ढीग बसला की सक्शनचा पाइप तो ओढू शकत नाही. मग कोणी तरी म्हणते, ‘एक माणूस आत उतरव, बांबूने ढवळून देईल.’ हे वाक्य जीवघेणे आहे. बंद टाकीत मैला कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाईड तयार होतात. शेवटचा वायू हवेपेक्षा थोडा जड, म्हणून तळाशी साचतो. गाळातही अडकून राहतो आणि ढवळताच उसळून बाहेर येतो. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर माणूस सावध असतो. पण हवेच्या दहा लाख भागांत याचे शंभर-दीडशे भाग झाले की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ‘वास गेला, आता उतरायला हरकत नाही’ हा समज त्यामुळेच घात करतो. प्रमाण सातशेच्या पुढे गेले तर दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. हा वायू पेशींतील ऑक्सिजन वापरणारी यंत्रणाच बंद पाडतो. सायनाइडचे काम असेच चालते.

पहिला पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. सेप्टिक टँकच्या बातम्यांत मृतांचा आकडा बहुधा एकापेक्षा जास्त असतो तो यामुळे. भाऊ, मुलगा, शेजारी. धावून जाणारी माणसेच जातात. अशा वेळी आत कोणीही उतरू नये. आधीच दोर बांधला असेल तर वरून ओढावे. अग्निशमन दल आणि १०८ ची रुग्णवाहिका लगेच बोलवावी. बाहेर काढलेल्या माणसाला मोकळ्या हवेत नेऊन भिजलेले कपडे उतरवावेत. खरे औषध ऑक्सिजनच. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे गुन्हा ठरवले आहे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई दहावरून तीस लाख रुपये केली. तीस लाख मिळाले तरी घरचा माणूस मिळत नाही.

वास मारण्यासाठी टाकीत काय काय ओतले जाते तेही पाहावे. ब्लीचिंग पावडर टाकून टाकी ‘निर्जंतुक’ होत नाही. एवढ्या घाणीत क्लोरिन क्षणात खर्ची पडतो. त्यातच संडास धुण्याचे ॲसिड मिसळले तर विषारी क्लोरिन वायू सुटतो आणि साफ करणारा खोकून बेजार होतो. फॉर्मॅलिनसारखी रसायने वास दाबतात, पण मलजल शुद्धीकरण केंद्रातले उपयोगी जिवाणूही मारतात. रेल्वेच्या डब्यांतील जैव-शौचालयांची भिस्तही अशाच जिवाणूंवर आहे. तिथे कडक फिनेल किंवा बाटल्या टाकणारा प्रवासी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

आता रिकामी करण्याची जागा. भरलेली गाडी शुद्धीकरण केंद्रावर जायला हवी. केंद्र लांब, रस्ता बंद, डिझेलचा खर्च. मग गावाबाहेरचा ओढा जवळचा वाटतो. एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या यात्रेबरोबर पटकी गावोगाव जात असे, हे त्या काळच्या सरकारी अहवालांत नोंदलेले आहे. पटकी आली की लोक मरीआईचा गाडा शिवेपर्यंत नेऊन सोडत, म्हणजे रोग पुढच्या गावाकडे जाईल. शिवेवरच्या ओढ्यात टाकी ओतणारा टँकर नकळत तोच गाडा ओढतो. फरक इतकाच की आता त्यात रोग खरोखर असतो.

पटकी काही तासांत ते पाच दिवसांत दिसते, म्हणून तिचा माग लागतो. कावीळ तशी नाही. हिपॅटायटिस ई चा विषाणू पोटात गेल्यापासून दोन ते आठ आठवड्यांनी डोळे पिवळे होतात. आषाढात ओतलेल्या टाकीची कावीळ श्रावण-भाद्रपदात निघते, तेव्हा पालखी केव्हाच आळंदीला परतलेली असते आणि त्या रात्रीच्या टँकरची आठवण कोणाला नसते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर पाचांपैकी एखादी बाई दगावू शकते. जंताची अंडी तर ओल्या मातीत महिनोन्महिने टिकतात आणि भाजीबरोबर घरात येतात.

पंढरपुरात उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर चंद्रभागेच्या वाळवंटातील राहुट्यांवर बंधने आली आणि दिंड्यांची सोय ६५ एकरावर झाली. वाई आणि सिन्नर या लहान शहरांनी घरोघरच्या सेप्टिक टँक तक्रारीची वाट न पाहता पाळीपाळीने उपसून मैला प्रक्रिया केंद्रावर नेण्याची पद्धत बसवली. काम अवघड आहे, अशक्य नाही. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. उद्या अशी गाडी अक्कलकोट-पंढरपूर करत फिरेल, तेव्हा तिलाही टाकी ओतायला हक्काची जागा लागेलच.

पालखीच्या मुक्कामाच्या गावांनी निदान इतके ठरवून ठेवावे: कोणत्या गाडीची टाकी किती लिटरची, कोण किती वाजता उपसणार आणि कुठे नेणार, हे कागदावर आधी लिहिलेले असावे. केंद्रावर टँकर पोहोचल्याची पावती घ्यावी. पावतीशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये. टाकीच्या झाकणाला कुलूप असावे. पिण्याच्या विहिरीत हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर टाकून तासाभराने ओटी टेस्ट करावी. नळीतले पाणी पिवळे झाले नाही तर ते पाणी कोणाला देऊ नये. आणि ही टेस्ट पालखी गेल्यावर बंद न करता पुढचे दोन महिने रोज चालू ठेवावी.